कंपाउंडरच्या पोटातली गोष्ट

माझा मित्र कंपाउंडर होता, आणि आमच्या भागातल्या प्रत्येकाच्या पोटात काय आहे हे त्याला माहीत होतं. हे मी अलंकारिक भाषेत लिहीत नाही. कुणाच्या पोटात वायू, कुणाच्या पोटात जंत, कुणाच्या पोटात नुसतीच भीती. सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून भिंतीतल्या छोट्या खिडकीतून त्याच्याकडे यायचं आणि गुलाबी पातळ औषध होऊन दुसऱ्या खिडकीतून पेशंटच्या हातात जायचं. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागत नसे. 'मी काय लिहिलंय हो?' असं ते मधूनमधून खिडकीतून विचारायचे. तो सांगायचा.

चाळीस वर्षांत त्या खिडकीतून औषधं हजारो बाहेर पडली, गोष्ट एकही पडली नाही. बाटली पुढे करायची, 'हलवून घ्या' म्हणायचं, संपलं. हे 'हलवून घ्या' त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की माझ्या लग्नात आहेराचं पाकीट हातात देतानाही तो तेच म्हणाला. मी हलवलं. पुस्तक होतं.

विसरण्याचा आजार त्याला नक्की कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही, कारण एकच विनोद तीनदा सांगायची सवय त्याला तरुणपणापासूनच होती. चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा त्याच्या बायकोला शंका आली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला 'बाई' म्हणतात. तोसुद्धा. एक दिवस बाईंना स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली. नव्या पिढीला ही पट्टी ठाऊक नसेल. पूर्वी पातळ औषध साध्या बाटलीतून द्यायचे. कागदाची अरुंद पट्टी घ्यायची, घडीवर घडी घालायची, कडेला कात्रीने खाच मारायची आणि उलगडायची. सारख्या अंतरावर खाचा. ती बाटलीला उभी चिकटवली की एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. तेलाच्या बाटलीवर आठ डोसांची पट्टी होती.

"चला," बाई म्हणाल्या, "तेल तरी बेताने वापरलं जाईल."

पण दुसऱ्या दिवशी त्या त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बरोबर मीही. हे डॉक्टर नवे, तरुण, अक्षर शाळकरी मुलीसारखं सुंदर. कंपाउंडरचा त्यांच्यावर तिथेच अविश्वास बसला. त्यांनी त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: घड्याळ, चप्पल, चेंडू. मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "काका, मघाचे तीन शब्द सांगा बघू."

"ते होय? ते मघाशीच पेशंटला दिले," कंपाउंडर म्हणाला.

डॉक्टर हसले, बाई हसल्या, मीही हसलो. मला तिन्ही शब्द आठवत होते, याचा मला दिवसभर अभिमान वाटला आणि संध्याकाळी त्या अभिमानाची लाज वाटली.

पुढची दोन वर्षं मी त्याच्याकडे रोज जात होतो. जावयाचं नाव तो विसरला, त्याचं बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. लेकीचं विसरला, त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसल्या. भांडी आधीच घासलेली होती. कोपऱ्यावरचा दवाखाना बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं. तो तिथे जाऊन उभा राहायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, "उठा, माझी जागा आहे." दुकानदार भला माणूस. उठायचा.

मला मात्र तो ओळखत होता. निदान तसं मी धरून चालत होतो. मी विमा कचेरीत कारकून होतो, म्हणून तो मला पहिल्यापासून 'कारकून' म्हणायचा. मी दारात दिसलो की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "डबा खाल्लास का?" मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली; डबा कसला नि काय. पण मी 'खाल्ला' म्हणायचो, आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा.

मग तो रविवार आला. दोघं आमच्याकडे चहाला आली होती. आमची ही कपात चहा ओतत होती, बाई बिस्किटांचा पुडा फोडत होत्या. कंपाउंडर माझ्याकडे वळला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला, "कारकून, उद्या जरा लवकर ये. पट्ट्या संपल्यात. आणि मागच्या दाराने ये बाबा. पुढे तुझी बायको उभी असायची."

चहा ओतणारा हात थांबला नाही. माझा बिस्किटाकडे निघालेला हात मात्र थांबला.

"कसल्या पट्ट्या हो?" हिने विचारलं.

"काही नाही गं," मी घाईघाईने म्हणालो. "आजार आहे ना, काहीतरी जुनं बडबडतो."

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. "बडबडतो? मी?" एवढंच म्हणाला. मग बिस्कीट चहात बुडवून विसरला, आणि ते विरघळून तळाला गेलं.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण तो बडबडत नव्हता. त्याच्या तोंडून त्या वर्षात निघालेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाला चार महिने झालेले असताना, आमच्या कचेरीत एक फाइल हरवली. ती माझ्या टेबलावरून हरवली असं वरच्यांनी ठरवलं आणि मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. पण घरी बसणार कसा? 'मुलगा कायम नोकरीतला आहे' या एकाच गुणावर सासऱ्यांनी मला मुलगी दिली होती; दुसरा गुण त्यांना शोधूनही सापडला नव्हता. तेव्हा मी रोज सकाळी डबा घेऊन, भांग पाडून, साडेनऊला 'कचेरीत' निघायचो आणि मागच्या दाराने कंपाउंडरच्या औषधखोलीत जाऊन बसायचो. बाटल्या धुवायच्या, पट्ट्या कापायच्या, मैद्याची खळ शिजवायची, 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, हलवून घ्या' अशी लेबलं शेकड्यांनी लिहून ठेवायची. डॉक्टरांना मी औषध कंपनीचा माणूस वाटायचो, म्हणून सात महिने ते त्या खोलीत फिरकले नाहीत. चौकशी होईपर्यंत निम्मा पगार मिळत होता; उरलेल्या निम्म्याला मी घरी 'कपात' असा एक भारदस्त शब्द सांगितला होता.

एकदा ही स्वतः खोकला घेऊन आली. खिडकीपलीकडून तिचा आवाज ऐकताच मी टेबलाखाली. कंपाउंडरने शांतपणे औषध दिलं, 'हलवून घ्या' म्हणाला, ती गेली, मी बाहेर आलो.  त्या आठवड्यापासून मात्र तो रोज एकच्या ठोक्याला कात्री खाली ठेवून ओरडायला लागला, "डबा खा!"

सात महिन्यांनी मोठ्या साहेबांच्या खुर्चीवरची उशी शिवायला काढली, तेव्हा फाइल तिच्याखाली निघाली. मी पुन्हा कामावर गेलो. आणि हे सगळं जगात फक्त दोघांना माहीत राहिलं: मला आणि त्याला. त्याच्या पोटात गोष्ट ठेवणं म्हणजे विहिरीत दगड टाकण्यासारखं होतं. आता विहीरच वर यायला लागली होती.

त्या रविवारनंतर मी एक वाईट गोष्ट केली. दोघांना घरी बोलावणं बंद केलं. ही विचारायची, "भाऊजी बऱ्याच दिवसांत आले नाहीत?" मी म्हणायचो, "त्याला दगदग होते." तिला बरोबर न्यायचंही टाळायचो. सात महिन्यांचं जुनं खोटं लपवायला ताजं ताजं खोटं बोलत होतो, आणि त्यासाठी मित्राचा आजार आडोशाला धरत होतो. टेबलाखाली बसण्यापेक्षा हे खालचं काम होतं.

अशात बाईंचा डोळा गेला म्हणावं इतका अंधुक झाला. मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा बाईंनी रद्द केली. ऑपरेशननंतर दहा दिवस वाकायचं नाही, दगदग नाही, आणि कंपाउंडरला सोडून तर दहा मिनिटं राहायची सोय नव्हती. लेक दूर, तिचे दिवस भरत आलेले. हिला हे कळलं तशी ती पायात चपला सरकवून बाईंकडे गेली. मागोमाग मी.

"भाऊजी दहा दिवस आमच्याकडे राहतील," हिने जाहीर केलं.

"आपल्याला झेपेल का पण?" मी म्हणालो. "म्हणजे, जिने वगैरे..."

"कसले जिने? आपण तळमजल्यावर राहतो."

"नाही, तसं नव्हे. त्याला नवी जागा..."

बाई एकाच डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. मुलांच्या सबबी ऐकण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "डोळ्याचं काय एवढं, दुसरा आहे की."

हे ऐकल्यावर एखादा दगडही 'हो' म्हणाला असता. "दहा काय, पंधरा दिवस ठेवू," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण रस्ताभर हिच्या दोन पावलं मागेच राहिलो.

बाईंना गुरुवारी ऑपरेशनसाठी जायचं होतं. कंपाउंडर सवय व्हावी म्हणून मंगळवारीच आला. पहिला दिवस कसाबसा गेला. बुधवारी सकाळी आठ वाजता तो कपडे करून दाराशी उभा. "किल्ली द्या. पेशंट खोळंबलेत."

"भाऊजी, आज सुट्टी आहे," ही म्हणाली.

"तापाला सुट्टी असते का, वहिनी?"

 आम्ही टीव्ही लावला, त्याने बंद करायला लावला. पेपर दिला, त्याने त्याच्या घड्या घातल्या आणि कात्री मागितली. मी घाबरून दिली नाही. नऊ वाजता तो कडी खडखडवत होता, साडेनऊला रडत होता. सत्तर वर्षांचा माणूस दाराला कपाळ लावून म्हणत होता, "औषध नाही मिळालं तर काय करतील हो ते?" नाश्ता तसाच. बाईंचा फोन आला, मागचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार, कारण त्या म्हणाल्या, "मी येते न्यायला. उद्याचं रद्द करते."

फोन हिच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत होती, काय सांगू म्हणून. आणि त्याला काय हवंय हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

"त्यांना म्हणावं एक तास थांबा," मी म्हणालो.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. छोट्या पातेल्यात मैदा घेतला, गार पाण्यात कालवला, मंद आचेवर ढवळत राहिलो. खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. जास्त ठेवली की गोळे. बरोबर वेळेला उतरवली. ही दारात उभी राहून बघत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात मी चहापलीकडे गॅसवर काही ठेवलं नव्हतं. माळ्यावरून रिकाम्या बाटल्या काढल्या, कोरा कागद घेतला, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि बैठकीत जमिनीवर फतकल मारली.

लांब पट्टी कापली. दुमडली, पुन्हा दुमडली, पुन्हा दुमडली. खाच मारली. उलगडली. आठ डोस.

दाराची कडी थांबली.

कंपाउंडर माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. पट्टी उचलली, उजेडात धरली. "शेवटची खाच खोल गेली," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत एवढं कळू नये?" मग तो हळूहळू खाली बसला, डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आण इकडे. तुला नाही जमायचं."

पण गंमत म्हणजे जमत मलाच होतं. त्याच्या घड्या तिरक्या पडायच्या, एक डोस बोटाएवढा, दुसरा मुंगीएवढा. माझ्या पट्ट्या एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा सारख्या. तो माझ्या पट्ट्यांना नावं ठेवत होता, आपल्या वाकड्या पट्ट्या बाटल्यांना लावत होता आणि मधूनच मजेत काहीतरी गुणगुणत होता. दहा वाजता त्याने नाश्ता खाल्ला. सगळा.

"तुमच्या पट्ट्या बऱ्या सरळ येतात हो," ही समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली.

मी कात्री खाली ठेवली. "एक सांगायचंय. आपलं लग्न झालं ना, त्या वर्षी मी..."

"सात महिने आणि अकरा दिवस," ती म्हणाली.

मी कात्री पुन्हा उचलली, पुन्हा खाली ठेवली.

ती उठली, शिवणाच्या मशीनवरच्या फळीवरून बटणांची बाटली घेऊन आली. ही बाटली मी आयुष्यभर पाहतोय. शर्टाचं बटण तुटलं की तिच्यातून नवं निघायचं. भिंतीकडे असलेली तिची बाजू मात्र कधी पाहिली नव्हती. हिने ती फिरवली. पिवळं पडलेलं लेबल. 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, हलवून घ्या.' अक्षर माझं.

"लग्न ठरल्यावर तुम्ही मला अकरा पत्रं लिहिली होतीत," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या अक्षराचा खोकल्याशी काय संबंध? आणि ही पट्टी बघा, केवढी वाकडी! पाच डोसांचं औषध मला नऊ दिवस पुरलं."

"तेव्हा मी शिकत होतो," मी म्हणालो. माणूस नको तिथे आपली बाजू मांडतो.

"मग दोन दिवसांनी खात्री करायला परत गेले. तुम्ही मागे नळावर बाटल्या धूत होतात वाटतं. आवाज येत होता. खिडकीत मी सकाळी भरून दिलेला डबा, तसाच. भाऊजींना विचारलं, आत कोण आहे? म्हणाले, आत कुणी नाही. डबा माझा, अक्षर तुमचं, आणि हे म्हणतात कुणी नाही! मी म्हटलं, बरं. मग त्या कुणी-नाहीला सांगा, एक वाजता डबा खात जा. उपाशी राहून तोंड उतरतं आणि घरी येऊन साहेबाने छळलं म्हणून सांगावं लागतं."

मी कंपाउंडरकडे पाहिलं. तो खळीत बोट बुडवून लेबल चिकटवत होता. छत्तीस वर्षं या माणसाने माझं गुपित हिच्यापासून आणि हिचं माझ्यापासून, शेजारी शेजारी दोन कप्प्यांत ठेवलं होतं. कधी सरमिसळ केली नाही. नावं गेली, साल गेलं, लेकीचा चेहरा गेला. पण मला दारात बघितलं की हिचा निरोप तेवढा न चुकता देत होता.

"मला म्हणाली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि खरं सांगू? तो तुमचा खोटा साहेब फार करमणुकीचा होता हो. सात महिने आणि अकरा दिवस, रोज संध्याकाळी त्याच्या नव्या गोष्टी! पुढे तुम्ही खरोखर कचेरीत जायला लागलात आणि गोष्टी अगदीच मिळमिळीत झाल्या."

मी हसायला लागलो. इतकं हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं. अंगावरचं ओलं पोतं कुणीतरी उचलून घ्यावं तसं झालं. मग मी कंपाउंडरच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बडबडत नव्हतास रे त्या दिवशी," मी म्हणालो. "मीच खोटं बोललो."

"कोणत्या दिवशी?" तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचं लक्ष हिच्याकडे गेलं. त्याने पाठ ताठ केली. "बोला. काय होतंय?"

 ही खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "खोकला आहे."

त्याने एक रिकामी बाटली उचलली, बूच दाबून पाहिलं आणि पुढे केली. "हलवून घ्या." नंतर माझ्याकडे चोरटी नजर टाकून आवाज खाली आणला. "आणि वहिनी, आत कुणी नाही हं."

बाईंचा डोळा गुरुवारी ठरल्या वेळी झाला. दहाव्या दिवशी त्या काळा चष्मा लावून आल्या, तेव्हा आमच्या बैठकीत बावीस बाटल्या रांगेत होत्या आणि कंपाउंडर त्यांना म्हणाला, "रांगेत या." बाई रांगेत आल्या. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलं, आता त्यांची पाळी. चष्मा काढून त्यांनी दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती पिकलात हो तुम्ही! मला वाटत होतं केस अजून काळे आहेत."

तेव्हापासून आमच्याकडे रोज नऊ ते एक दवाखाना असतो. बाई त्याला सोडून जातात आणि चार तास नव्या डोळ्याने पेपर वाचतात, झोपतात, एकदा तर केस कापून आल्या. ही पेशंट होते. तिला आतापर्यंत खोकला, पोटदुखी आणि तीनदा गालगुंड झालेत. आदल्या दिवशीच्या पट्ट्या मी संध्याकाळी भिजवून काढतो, म्हणजे बाटल्या पुरतात.

तो सुधारत नाहीये, हे आम्हाला माहीत आहे. गेल्या सोमवारी तो आला, कात्री घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय अदबीने म्हणाला, "माफ करा, आपण कोण?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं धास्ती घेतली होती. आला तेव्हा त्यात घाबरण्यासारखं फार उरलं नव्हतं. ही स्वयंपाकघरातून ऐकत होती.

"मी?" मी म्हणालो. "मी कुणी नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कात्रीत कागद धरत तो म्हणाला, "मग डबा खाल्लास का?"